मिशीचा रंग

"लांब बाह्यांचा ब्लाऊज घाल, हात झाकला राह्यते," असं मनकर्णाबाईनं लेकीला बजावून बजावून सांगितलं होतं. पण अमरावतीचं मे महिन्याचं ऊन. नीलमनं ऐकलं नाही. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा देताना मनगटावरचा पांढरा डाग दिसला, तसा मुलाचे वडील शेषराव यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. शेतकरी पोराला अख्ख्या तालुक्यात कोणी पोरगी देईना, तरी ऐट राजाची!

"कोड आहे काय वं? आमच्या खानदानात नाही चालत हे."

मनकर्णाबाईनं लेकीचा पदर मनगटावर ओढला.

"काका, हे एकाचं दुसऱ्याले होत नाही," नीलम म्हणाली. "डॉक्टर म्हणे, अंगातच जहरासारखं एक रसायन तयार होते अन् रंग बनवणाऱ्या पेशी जाळते. केस पांढरे होतात, त्यातही त्याचाच हात."

"माही मिशी पाह्य! साठीतही काळीभोर."

लाइट गेलेली, कूलर मुका. शेषरावांच्या मिशीतून घामाचा काळा ओघळ निघाला आणि थेट पांढऱ्या सदऱ्यावर उतरला.

नीलमनं टॉवेल पुढे केला. "पुसा, काका. माह्या मायनंही मले लपवालेच सांगतलं होतं."