पायाळूचा पाय

कल्याणी पायांकडून जन्मलेली, पायाळू. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते म्हणून लहानपणी येरवड्यातली सगळी वस्ती तिला बोलवायची. परवा आईचीच पाठ धरली. “डॉक्टर कशाला? तू आहेस की!” आई म्हणाली, आणि आयटी कंपनीतून आलेल्या कल्याणीने जोर देऊन पाठीवर पाय दिला. आज डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “हाडं वयाने पोकळ झालीत. मणका आधीच पिचला होता. पट्टा बांधून, पडून राहून भरला असता. आता मज्जारज्जूत घुसलाय. तुम्ही कॉम्प्युटर शिकलात म्हणे!” “मीच सांगितलं, साहेब,” आई घाईने म्हणाली. “पोरीला बोलू नका.” “आई चालेल ना?” कल्याणीने विचारलं. डॉक्टर “नाही” म्हणून पुढच्या खाटेकडे वळले. “रडू नकोस गं,” आई म्हणाली. “माझे पाय दाब जरा.” कल्याणी मघापासून पायच दाबत होती.