जादा डिस्कवरचा सोमवार

"डिस्क भरली म्हंजी? रांजण हाय का ती?" गहिनीनाथनं तोंडातली सुपारी गालात सरकवली.

छावणीच्या पत्र्याच्या खोलीत सत्यभामा संगणकापुढं बसली होती. दूध संस्थेनं दुष्काळात जनावरांसाठी ही चारा छावणी उघडली होती. तिथलं रोजचं चित्रण जपून ठेवायचं, हा सरकारी नियम. गहिनीनाथ संस्थेचा सचिव. नियमावर थुंकूनच पुढं चालणारा.

"मोठी डिस्क भरली, साहेब. मागल्या आठवड्यापासूनचं चित्रण या जादा डिस्कवर उतरतंय. ही बी आज भरंल. मोठीवरचं सगळ्यात जुनं पुसते, अन् हे तिकडं हलवते."

"जुनं राहू दे. ही जादाच पूस."

"ताजं चित्रण हितंच हाय, साहेब. दुसरीकडं कुठंच न्हाई."

"म्हशीच्या रवंथात ताजं काय अन् शिळं काय गं?"

तो हसला खरा. पण मागल्या सोमवारी कडब्याचा एक ट्रक छावणीत शिरून भरल्या अंगानंच मागं फिरला होता, माजलगावच्या व्यापाऱ्याकडं. कॅमेऱ्यासमोरून. आणि परवापासून छावणीत गाय बांधलेली ती ताराबाई रोज दारात येत होती.

आजही आली. डोक्यावरचा वैरणीचा भारा उतरवून उंबऱ्याशी टेकली.

"साहेब, त्या सोमवारची चित्रं दावा की."

"थेटर हाय का हे? कुणी पढवून धाडलंय तुला? तुज्या नवऱ्याला, बन्सीला धाड. बाईमाणसाशी काय बोलायचं!"

"त्ये न्हाईत येत." तिनं मान खाली घातली. "एकडाव दावा. पुन्हा न्हाई यायची."

गहिनीनाथला तिची किळस आली. दावणीला एक हाडकुळी गाय, अंगावर जुनेर, आणि निघाली सचिवाला तुरुंगात घालायला! सत्यभामाला बाजूला सारून त्यानं स्वतःच कळ दाबली. पडद्यावरची भरलेली पट्टी सरसर ओसरली, चैतात विहीर आटावी तशी.

"गेला बघ तुजा सोमवार. जा, बोंबल आता चारा कुठं गेला म्हणून!"

ताराबाई कोऱ्या पडद्याकडं बघत राहिली.

"चाऱ्याचं समद्या छावणीला ठावं हाय, साहेब. त्याला चित्रं कशाला लागत्यात?" ती म्हणाली. "त्या दिशी आमचे मालक गाईपाशी बसले व्हते. दुसऱ्या दिशी गेले. जल्मात कधी फोटू काढला न्हवता त्येंनी. भितीवर लावून हार घालायला त्येवढा एक निघाला असता."