उसना स्वभाव

सकाळी दहा वाजता दिगंबर पाटणकर आपला काळजीखोर स्वभाव परत घ्यायला सांगलीच्या दवाखान्यात आले. हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब उतरावा, म्हणून डॉक्टरांनी तो त्यांच्या मेंदूतून काढून पत्नी सुमनताईंच्या मेंदूत ठेवला होता. येताना सुमनताईंनी दोनदा रिक्षा मागे फिरवली. गॅस बंदच होता.

“अहो, जन्मभर हे एकट्यानं सोसलंत? आणि मी आपली हसत होते.”

“हसत होतीस, म्हणून निभावलं. दे आता.”

“टाके ओले आहेत अजून. राहू दे माझ्याकडेच.”

“तुझा चेहरा बघ कसा ओढलाय. सकाळची गोळी तरी घेतलीस का?”

डॉक्टरांनी मान वर केली. दिगंबररावांच्या डोक्याला लावलेलं यंत्र काळजी अजूनही शून्यच दाखवत होतं.