मध्यंतरातले तारे

चित्रपट संपताच खुर्चीने इंदुमती टिपणिसांच्या मोबाइलवर आलेख पाठवला. नाडी, श्वास, अंगावरचा काटा मोजून आता खुर्चीच तारे ठरवी. समीक्षकाने फक्त सही करायची.

"चाळीस वर्षांपूर्वी याच सिनेमाला तुम्ही पाच तारे दिले होते," उजवीकडे बसलेले संपादक पराडकर मोबाइलमध्ये डोकावत हसले. "खुर्ची म्हणते, सव्वा!"

"खुर्चीला काय कपाळ कळतंय!" बाई फणकारल्या. पण आज आपण तीनदा जांभई दिली, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा लावून आलेख पाहिला. सगळी रेघ सपाट, फक्त मधोमध एक उंच सुळका.

"हा कुठला प्रसंग?" पराडकरांनी विचारलं.

बाईंनी वेळ ताडून पाहिली. तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. मध्यंतर होतं, दिवे लागले होते आणि त्यांची नजर डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली होती. चाळीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेळाला, तिथे शेजारी बसलेला एक अनोळखी तरुण मध्यंतरात दोघांसाठी बटाटेवडे घेऊन आला होता. पुढे त्याच्याशीच त्यांनी संसार केला. त्याला जाऊन आता वर्ष झालं होतं.

"मग, सव्वाच छापू?"

"छापा," सही करत बाई म्हणाल्या. "बाकीचे तारे सिनेमाचे नव्हतेच."