कुंदाच्या अकरा चुका

कुंदाबाईने धावत येऊन कॉम्प्युटरवरचं कव्हर ओढून काढलं, पण उशीर झाला होता. मशीन पुन्हा पहिल्यापासून आकडे मोजत सुरू होत होतं. कुणी हात लावला नव्हता, वीजही गेली नव्हती. ती अर्धा तास डबा खायला काय गेली, तेवढ्यात ते आपोआप बंद होऊन आपोआप चालू झालं आणि उघडी ठेवलेली निकालाची यादी अर्धी पुसली गेली.

पलीकडच्या टेबलावर कौतिकभाऊंनी टाइपरायटर थांबवला. खणातून लाल वही काढली आणि लिहिलं : एक वाजून पन्नास मिनिटं, अकरावी वेळ. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी वळणदार अक्षरात नाव घातलं होतं, ‘कुंदाच्या चुका’.

कौतिकभाऊ जळत होते. उगाच कशाला लपवायचं? धुळ्याच्या त्या शिक्षणसंस्थेत ते बावीस वर्षं टंकलेखक होते. संध्याकाळी स्वतःचा टायपिंग क्लास चालवायचे. निम्म्या गावाची बोटं त्यांनी वळवली होती, कुंदाचीसुद्धा. आणि कॉम्प्युटर आला तेव्हा सचिव अभिमन आबांनी नाशिकला शिकायला कुणाला पाठवलं, तर कालच्या या हंगामी पोरीला! संस्थेतला एकुलता एक कूलरही तिच्याच टेबलाकडे वळला. कौतिकभाऊंच्या वाट्याला वरचा पंखा, आणि तोही मे महिन्यात गरम वारा फेकणारा. त्यातून ती त्यांना अजून ‘सर’ म्हणायची. बाकी सगळे भाऊ म्हणत. तो ‘सर’ त्यांना टोमण्यासारखा लागायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात मशीन बिघडू लागलं तेव्हा त्यांना देव पावल्यासारखं झालं. जळगावचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला. तो समोर बसला की मशीन दिवसभर शहाण्यासारखं चालायचं. तो ताक पिऊन गाडीला लागला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आबा वैतागले. कुंदाच्या हंगामी नेमणुकीची ऑर्डर एकतीस मेपर्यंत होती. ती पुढे वाढवायची की कॉम्प्युटर कौतिकभाऊंकडे द्यायचा, ते आज ठरणार होतं. इंजिनिअरला तिसऱ्यांदा बोलावलं होतं ते त्याचसाठी.

तो तीन वाजता आला. त्याने वायर हलवल्या, प्लग तपासला, डोकं खाजवलं.

“मशीन चांगलं आहे, आबा.”

हीच वेळ होती. कौतिकभाऊ उठले आणि त्यांनी वही आबांपुढे न ठेवता थेट इंजिनिअरच्या हातात दिली. “तारीख, वार, वेळ, सगळं आहे. मशीन चांगलं असेल तर दोष कुणाचा, ते तुम्हीच सांगा.”

इंजिनिअरने वही वाचली. पुन्हा वाचली. “कमाल आहे. काम चालू असताना एकदाही नाही. सगळ्या वेळा चहाच्या नाहीतर डब्याच्या. ताई, उठताना तुम्ही काय करता?”

“काहीच नाही,” कुंदा म्हणाली. “कव्हर घालते आणि जाते.”

“मशीन चालू ठेवून?”

“हो. दर वेळी बंद-चालू करू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

इंजिनिअरने ते जाड कापडी कव्हर उचललं, चालू मशीनवर घातलं आणि खुर्ची ओढून बसला. वीस मिनिटं सगळे त्या कव्हराकडे बघत होते. मग कव्हराखाली टूं झालं आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. त्याने हात आत घातला आणि झटकन काढला.

“तापलंय! धुळ्याच्या उन्हाळ्यात गोधडी पांघरून निजवता होय त्याला? मागची हवाच कोंडते. ही अक्कल कुणी शिकवली?”

कुंदा खाली बघत राहिली. तिचा उजवा अंगठा डाव्या हाताच्या बोटांवरून फिरत होता.

कौतिकभाऊंनी ती बोटं पाहिली. त्यांच्या क्लासमध्ये भिंतीवर पाटी होती, त्यांनीच रंगवलेली : ‘मशीनवरून उठताना कव्हर घालणे’. पहिल्याच आठवड्यात कुंदा ते विसरली होती. त्यांनी तिच्या त्याच बोटांवर पट्टी मारली होती. त्यानंतर ती कधी विसरली नव्हती.

“कुणी का शिकवेना!” आबा कडाडले. “दोन महिने साऱ्या संस्थेला नाचवलं. कुंदाबाई, एक जूनपासून येऊ नका. कौतिकभाऊ, मशीन तुमचं.”

झालं. कॉम्प्युटर आल्यापासून मनात धरलेली खुर्ची मिळाली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच त्यांना जमेना. कचेरीत कायम पुस्तकी बोलणाऱ्या कौतिकभाऊंच्या तोंडून एकदम घरची बोली बाहेर पडली.

“आबा, तिले मी शिकाडेल शे. कव्हर घालानं मीच शिकाडं. चूक मनी शे, तिनी नही.”

आबा हसू आवरत म्हणाले, “म्हणजे गुरूचीच विद्या! बरं, कुंदाबाई, राहा तुम्ही. ते कव्हर तेवढं फेकून द्या.”

इंजिनिअर म्हणाला, “पण ही वही नसती तर मला जन्मात सापडलं नसतं.” त्याने ती आबांकडे दिली. आबांनी ती सहज मिटली, पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचं हसू मावळलं.

“‘कुंदाच्या चुका’? कौतिकभाऊ, हे काय? कशाला लिहीत होता तुम्ही हे?”

कौतिकभाऊंनी टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

कुंदाने पुढे होऊन आबांच्या हातातून वही अलगद घेतली.

“मीच सांगितलं होतं सरांना. क्लासमध्ये सर माझ्या चुका अशाच लिहून ठेवायचे, म्हणून तर मी पास झाले.”