बेस की ड्रम

“वहिनी, दादाला सांगा पुढे सरकायला,” धाकटा म्हणाला.

दादा रांगेत त्याच्या पुढ्यातच होता, हातभर अंतरावर. दादाच्या बायकोनं निरोप पोचवला, “अहो, पुढे सरका.” दादा सरकला.

दोघा भावांची लाँड्री एक, घर एक आणि वेडही एकच: फंक. इतर गाणी ऐकून मान डोलते, फंक ऐकून कंबर आपसूक हलते, एवढाच काय तो फरक, असं दादा गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. ज्या बँडनं या संगीताचा पाया घातला, त्याच्या तबकड्या दोघांनी मिळून जमवल्या होत्या. लाँड्रीत त्या दिवसभर वाजायच्या. दादाची इस्त्री बेस गिटारवर चालायची, धाकट्याचे घड्या घालणारे हात ड्रमवर.

भांडण तिथंच पेटलं. फंकचा जीव बेसमध्ये, दादा म्हणाला. ड्रममध्ये, धाकटा म्हणाला. शब्दानं शब्द वाढला, एका गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला आणि अबोला सुरू झाला. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. सोमवारी गवंडी येणार होता. लाँड्रीच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं होतं. तबकड्यांची वाटणी कशी करायची, हा विषय मात्र दोघंही काढत नव्हते.

तेवढ्यात बातमी आली, त्या बँडचा म्हातारा ड्रमर शहरात येतोय, चाहत्यांच्या तबकड्यांवर सह्या करायला. बेसवाला केव्हाच वारला होता.

“त्यालाच विचारू,” वहिनी म्हणाल्या. “तो सांगेल ते शेवटचं. जो हरेल त्यानं आधी बोलायचं.”

धाकटा लगेच तयार झाला. ड्रमर ड्रमचंच नाव घेणार. दादाही तयार झाला. मोठा कलाकार स्वतःची टिमकी वाजवत नसतो, असं त्याला वाटलं.

रांगेत त्यांचा नंबर आला. म्हातारा टेबलामागे बसून तबकड्यांवर सह्या करत होता. त्याला बघून धाकट्याचे डोळे भरून आले. दादानं तबकडी पुढे केली. वहिनींनीच विचारलं, “तुमच्या गाण्यांचा जीव कशात होता हो? बेसमध्ये की ड्रममध्ये?”

म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं.

“कशातच नाही. लोक आमच्या गायकाचे कपडे बघायला यायचे. चमचमती विजार, गुडघ्याएवढे बूट. आम्ही मागे पत्र्याचे डबे बडवले असते तरी चाललं असतं.”

त्यानं सही केली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

तिघं बाहेर आले. घराच्या वाटेला लागले. वहिनी मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होत्या. कोणी जिंकलं नव्हतं, त्यामुळे कोणी हरलंही नव्हतं.

सिग्नलपाशी दादा थांबला. धाकटाही थांबला. दोघांचे चेहरे सारखेच लाल झाले होते.

“या माणसाला फंकमधलं काही कळत नाही,” दादा म्हणाला.

“ओ का ठो कळत नाही रे, दादा,” धाकटा म्हणाला.