खुनी पहिल्याच मिनिटात दिसतो

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने दार उघडलं. दारातला माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसला. त्याच्या हातात सुरा होता, आणि मागे सहलीला निघाल्यासारखं संगीत वाजत होतं.

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी दिवे लावले.

"बोला," त्या म्हणाल्या. "काय चुकलं?"

हातच हात वर झाले. थ्रिलरच्या सुरुवातीला खुन्याचा चेहरा झाकून ठेवायचा असतो, इथे तो पहिल्याच मिनिटात दिसतो. बघणाऱ्याच्या मनात प्रश्न पेरायचा, तर इथे उत्तरच हातात ठेवलंय. आवाज आधी यावा, चित्र मागून. आणि सिनेमाचं नाव यावं ते श्वास अडकलेला असताना. इथे ते आलं म्हातारा निवांत चहा ढवळत होता तेव्हा. पोरं बोलत सुटली होती. या फिल्मवर राबलेली चार पोरं तेवढी त्यात नव्हती. त्यांतली कॅमेरा सांभाळलेली मुलगी तर रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती.

फिल्मचे दिग्दर्शक पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकत होते आणि मान डोलवत होते. वर्ग त्यांना आजोबा म्हणे. बायको गेल्यावर त्यांनी या कोर्सला नाव घातलं होतं. मुलगी दूर देशात, तिचा फोन आठवड्यातून एकदा. थ्रिलरची नुसती सुरुवात करून दाखवायची, गेल्या वर्षी याच शेवटच्या फिल्मवर त्यांची गाडी अडली आणि ते नापास झाले. यंदा पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकायला बसले होते, नव्या पोरांबरोबर, नवी वही घेऊन.

मॅडमना त्यांचं फार वाटे. वर्षभर एकही तास त्यांनी बुडवला नव्हता. प्रश्न विचारत ते नेमके, आणि इतरांच्या फिल्म तपासताना त्यांचं बोट बरोबर दुखऱ्या जागेवर पडे. स्वतःची करायला घेतली की मात्र सगळंच फिसकटायचं. होतं असं काहींचं.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. शूटिंग आजोबांच्याच घरी झालं होतं, सगळे रविवार. पोरं सकाळी यायची ती संध्याकाळी जायची. सोफा उलटा केला, पडदे काढले, एकाने तर फुलदाणी फोडली. हे सांगताना आजोबांचा चेहरा खुलला होता. फुलदाणी कशी फुटली ते त्यांनी दोनदा सांगितलं.

मग मॅडम मुद्द्यावर आल्या.

"काका, नियमाप्रमाणे ही फिल्म पास होत नाही. पण तुम्ही राबलात. थोडे गुण मी कुठूनही उभे करीन."

"नको मॅडम. जमलं नाही ते जमलं नाही."

"या वयात कोणाला दाखवायचेत तुम्हाला गुण? प्रमाणपत्र घ्या आणि मोकळे व्हा."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. वाईट वाटून घेऊ नका, असं उलट तेच मॅडमना म्हणाले. उठता उठता नवी बॅच कधी सुरू होते ते मात्र त्यांनी विचारून घेतलं. एवढी चिकाटी वर्गातल्या निम्म्या पोरांत असती तर, असं मॅडमच्या मनात आलं.

खिडकीतून ते फाटकाबाहेर जाताना दिसले. रस्ता ओलांडून ते थांब्यावर जाऊन बसले. बस आली, ते उठले नाहीत. ती गेली. दुसरीही गेली. घरी पोचायची घाई नसलेला माणूस कसा बसतो, तसे ते बसले होते.

मॅडमनी मनाशी ठरवून टाकलं. नियम गेले खड्ड्यात. त्यांनी आजोबांना पासापुरते गुण दिले आणि पुढची फिल्म तपासायला घेतली.

तेवढ्यात दारात कॅमेऱ्यावाली मुलगी उभी राहिली. आजोबांकडून चुकून भलतीच फाईल, टाकाऊ तुकडे सरावाला जोडलेली, दिली गेली असणार, असं तिचं म्हणणं होतं. त्यांनी घरी सगळ्यांना दाखवलेली फिल्म वेगळीच होती. तिने आपल्यासाठी ती मागून घेतली होती. मॅडमनी एकदा बघावी.

मॅडमनी बघितली.

अंधारात नुसता फोन वाजतो. मग दिसते म्हाताऱ्याची पाठ. तो फोन उचलत नाही. दारावर टकटक होते. म्हातारा घाईघाईने केस सारखे करतो, सदरा झटकतो, दार उघडतो. बाहेर कोण आहे ते दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा चेहरा, आधी आनंदाने उजळलेला, मग हळूहळू विझत गेलेला. काळोख. त्यावर सिनेमाचं नाव.

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याची अशी सुरुवात त्यांनी पाहिली नव्हती.

"आम्ही तर टाळ्या वाजवल्या, मॅडम," मुलगी म्हणाली. "पण आजोबा जेवताना गप्पच. म्हणाले, झाली म्हणायची फिल्म, आता पुढच्या रविवारी काय? गेल्या वर्षीच्या पोरांना विचारलं मी. त्यांचीही फिल्म छान झाली होती म्हणे, आणि तेव्हाही आजोबांनी भलतीच दिली. वय झालंय ना. विसरत असतील."

"ही अजून कोणाला दाखवलीस?"

"नाही."

"दाखवू नकोस. बघते मी."

मुलगी खूश होऊन गेली. मॅडमनी खिडकीतून थांब्याकडे पाहिलं. मग त्यांनी मघाशी दिलेले गुण खोडले आणि आजोबांना नापास केलं.